बांधावरचे दोन-दोन बिंदू

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातलं एकच पान दादांनी मागून घेतलं आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, स्टार्टरच्या बरोबर वर, डिंकानं चिकटवून टाकलं. प्रबंधाची अख्खी प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि माझ्या अंदाजानं ती अजून कुणी उघडलेली नाही. हे पान मात्र मोटार चालू करायला येणारा प्रत्येक जण बघतो. त्यावर आमच्या शेताचा नकाशा आहे, लहान-मोठ्या त्रिकोणांनी गच्च भरलेला. विहिरीजवळ त्रिकोण बारीक, लांब गेलं की मोठे. शेजारच्या एका गृहस्थांनी एकदा बराच वेळ ते निरखून दादांना विचारलं होतं, "द्राक्षाचा मांडव घालायलाव का काय?"

दादा म्हणजे माझे वडील. आई सोडली तर घरातले सगळे त्यांना दादाच म्हणत. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, तेसुद्धा. येरमाळ्याहून आत गेलं की आमचं गाव. शेत मुळात एकच होतं, वाटणीत त्याची दोन झाली. वरचं वावर काकांचं, खालचं दादांचं, मधे बांध. विहीर खालच्या वावरात, म्हणजे दादांच्या वाट्याला. ती दोघा भावांनी तरुणपणी मिळून खणलेली होती, पण कागदावर तसं लिहायला कुठं जागा नसते.

मी तोवर लग्न होऊन धाराशिवला आले होते. तिथल्या एका कॉलेजात गणित शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर, म्हणजे माझ्या मैत्रिणी सुनांच्या शोधात होत्या तेव्हा, मी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता अरेषीय आंशिक अवकल समीकरणं सांत घटक पद्धतीनं सोडवणं. परंड्याला एका लग्नात आत्यानं माझा हात धरून सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, तुझी शाळा अजून सुटंना व्हय?" मी तिला विषय समजावून सांगायला लागले. ती ऐकता ऐकता पंगतीत जाऊन बसली.

खरं तर विषय सांगायला अवघड नाही. एखाद्या मोठ्या शेताखाली पाणी कुठून कुठं जातंय हे एकदम सांगता येत नाही. म्हणून शेताचे लहान लहान त्रिकोण पाडायचे. एका त्रिकोणापुरतं पाणी कसं वागतं हे सोपं असतं. शेजारचे त्रिकोण कोपऱ्याच्या बिंदूंवर एकमेकांना जोडलेले असतात, आणि त्या सामाईक बिंदूवर पाण्याची पातळी दोघांना एकच धरावी लागते. असं सगळं जोडत गेलं की शेताचं उत्तर मिळतं. याला सांत घटक म्हणायचं. अरेषीय हा शब्द त्यापुढची कटकट. मुरमातून किती पाणी जाईल हे तिथं पाणी किती उंच उभं आहे त्यावर ठरतं, आणि ते किती उंच उभं राहील हे किती पाणी जातंय त्यावर. म्हणजे उत्तर काढायला आधी उत्तर ठाऊक पाहिजे. यावर उपाय एकच. काहीतरी अंदाज धरायचा, त्यावरून उत्तर काढायचं, ते उत्तर नवा अंदाज म्हणून पुन्हा घालायचं, आणि दोन्ही जुळेपर्यंत हेच करत बसायचं.

हे मी दादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग एवढं शिकून अंदाजच धरायचा व्हय?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

आमचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, उदाहरणासाठी एखादी खरी जमीन घ्या. मी आमचंच शेत घेतलं. त्यामागं आळस होता. जायचं-यायचं एका एसटीत होईल, आईच्या हातचं खायला मिळेल आणि प्रबंधही होईल, असा तिहेरी हिशेब होता. पण नेमकं त्याच सुमाराला काकांनी वरच्या वावरात शेततळं खणलं.

तळ्याला प्लास्टिकचं अस्तर घातलं नव्हतं. पावसाळ्यात ते तुडुंब भरलं आणि दिवाळीलाच तळ दाखवू लागलं. उलट दादांची विहीर, जी दरवर्षी संक्रांतीला खडखडीत व्हायची, ती त्या वर्षी संक्रांत उलटली तरी पाणी धरून राहिली. दादा खूश. म्हणाले, झरे मोकळे झाले. काका म्हणाले, झरे कसले, माझ्या तळ्याचं पाणी खालून तुमच्या विहिरीत उतरायलंय. दादा म्हणाले, ही विहीर तुझ्या डबक्याच्या आधीपासून हाय. डबकं हा शब्द काकांना लागला. ते म्हणाले, बरं, मी प्लास्टिक टाकतो. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

आईनं मला फोनवर सांगितलं, "प्लास्टिक पडलं की विहीर गेली बघ. आन हे काय म्हनायचे न्हायत, मला पानी पायजे म्हणून. कोरड्या विहिरीच्या कठड्यावर तसंच बसून ऱ्हातील."

दादांचं बसणं मला माहीत होतं. सकाळचा चहा ते घरी घेतच नसत. कप घेऊन विहिरीवर जायचे, कठड्यावर बसायचे, एक बारीक खडा आत टाकायचे आणि आवाज ऐकायचे. आवाजावरून त्यांना पातळी कळायची, असं ते म्हणायचे. चुकायचे बऱ्याचदा. खाली त्यांची लिंबाची झाडं आणि थोडी मेथी-कोथिंबीर, एवढाच त्या पाण्यावरचा पसारा. पण पाणी गेलं असतं तर त्यांना सकाळी उठून जायला जागा उरली नसती.

मी गावी गेले तेव्हा दोघांनीही मला वेगवेगळं गाठलं.

दादा म्हणाले, "बाई, तू एवीतेवी आपल्याच शेताचं पान्याचं गनित करायलीस. मंग सांग की त्याला, ह्या पान्याचा त्या पान्याशी संबंध न्हाय म्हणून."

काका म्हणाले, "तू सासरची. तुला इथं काय वाटा न्हाय. तू सांगशील ते मी मान्य करतो. पर खरं सांग."

तोवर प्लास्टिक टाकायचं थांबवायला ते तयार झाले. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या गणिताची कुणीतरी वाट बघत होतं. मी हुरळले. हातात टेप घेऊन दोन्ही वावरं पालथी घातली. आई छत्री धरून मागं. शेजाऱ्यांचे बोअर, विहीर, तळं, सगळीकडं दोरीला दगड बांधून पातळ्या घेतल्या. शेताच्या कडांसाठी दादांनी पेटीतून त्यांचा मोजणीचा नकाशा काढून दिला, काकांनी त्यांचा. धाराशिवला येऊन मी आधी दादांच्या नकाशावरून त्यांच्या वावराच्या कडेकडेनं बिंदू भरले, मग काकांच्या नकाशावरून त्यांच्या. दोन्ही भागांत त्रिकोण पाडले. गणित सुरू केलं आणि ते पहिल्या फटक्यात सुटलं.

माझं काही पहिल्या फटक्यात सुटलं की मी खरं तर घाबरायला पाहिजे. लग्नानंतर सासरी पुरणपोळी पहिल्या फटक्यात जमली होती, ती पुन्हा कधी जमलेली नाही. पण चित्र इतकं सुंदर आलं होतं! काकांच्या बाजूला गडद निळं पाणी बांधापर्यंत येऊन थांबलेलं, आणि बांधाच्या अलीकडं दादांचं फिकं, शांत, आपलं आपलं. तळ्यातून विहिरीत एक थेंबही जात नव्हता.

मी दादांना फोन केला. त्यांनी तो पुरता ऐकूनही घेतला नाही. आईनं नंतर सांगितलं, ते तडक येरमाळ्याच्या फाट्यावर गेले आणि चहाच्या हॉटेलात बसलेल्या सगळ्यांना म्हणाले, "कंप्युटरनं सांगितलं. झरे माझेच हायत."

काकांना ही बातमी संध्याकाळपर्यंत पोचली. त्यांनी मला फोन केला. आवाज शांत होता.

"तू म्हंतीस तसं आसंल तर बरंच झालं की गं. माझं पानी तिकडं जातच न्हाय, तर प्लास्टिक टाकल्यानं दादांचं काय बिगडतंय? येडाईची यात्रा झाली की टाकतो."

चित्र काही म्हणो, विहिरीत पाणी टिकलं होतं ते तळं खणल्यावरच, हे मलाही दिसत होतं. दादा जिंकले होते आणि जिंकल्यामुळंच विहीर जाणार होती. आता त्यांना नको म्हणायलाही तोंड उरलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात टेम्पोतून प्लास्टिकची भलीमोठी गुंडाळी आली आणि काकांच्या अंगणात पडली. आई म्हणाली, "हे आता दोनदा जायलेत विहिरीवर. सकाळी आन संध्याकाळी बी."

त्याच दिवसांत मी ते सुंदर चित्र घेऊन सरांकडं गेले. सरांनी चष्मा वर केला.

"मॅडम, पाणी इथं एकदम का थांबलंय? इथं काय, भिंत आहे?"

"नाही सर, बांध आहे."

"किती खोल?"

मी हातानं गुडघ्यापर्यंत दाखवलं. "खोल नाही सर. वर आहे. एवढा."

सर सभ्य आहेत. ते हसले नाहीत, फक्त पाणी प्यायले. मग म्हणाले, "बांधावरचे बिंदू तपासा बरं."

तपासले. बांधावर प्रत्येक ठिकाणी दोन-दोन बिंदू होते. एक दादांच्या नकाशावरून आलेला, एक काकांच्या. अगदी एकावर एक, त्यामुळं चित्रात एकच दिसायचा. पण संगणकाच्या लेखी ते वेगळे होते, दोन्ही वावरांचा एकही बिंदू सामाईक नव्हता. बिंदू सामाईक नसला की पाणी पलीकडं जात नाही. मी दोन भावांची वाटणी थेट खडकापर्यंत खाली नेली होती. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं हे केलं नसतं की काय, मला माहीत नाही. पण मी लहानपणापासून बांध म्हटलं की पुढं जायचं नाही एवढंच शिकले होते.

मी दोन-दोन बिंदूंचे एक-एक केले आणि गणित पुन्हा लावलं. आणि ते उधळलं. पहिल्या फेरीत विहिरीचं पाणी लिंबाच्या झाडांच्या वर गेलं. दुसऱ्या फेरीत ते खडकाच्या खाली गेलं. तिसऱ्या फेरीत पुन्हा वर, आधीपेक्षा जास्त. दोन्ही वावरं एकमेकांना जोडल्याबरोबर एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागली होती. येडाईची, म्हणजे येरमाळ्याच्या देवीची, चैत्रातली यात्रा जवळ आली होती. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि गावी गेले. करणार काय होते हे मलाही माहीत नव्हतं.

सकाळी आई किटलीत ताक घेऊन काकांकडं निघाली. बोलणं भावांचं बंद होतं, ताक चालू होतं. मी तिच्याबरोबर निघाले. दादा कठड्यावरून ओरडले, "त्याला म्हणावं, वाट कुणाची बघायलास? टाक की प्लास्टिक! तुझ्या डबक्यावर माझी विहीर जगत न्हाय, कंप्युटरला इचार म्हणावं!"

आई बांध ओलांडून गेली. काका गोठ्यात होते.

"भावजी, हे इचारत व्हते, प्लास्टिकचं काय ठरलं."

"सांगा त्येन्ला वैनी, यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी पडतंय. आन मंग पुढला उन्हाळाभर विहिरीत उतरून झरे हुडकत बसा म्हणावं!"

आईनं रिकामी किटली घेतली. परत येऊन दादांना म्हणाली, "भावजी म्हनले, यात्रा झाल्यावर बघू."

मी तिला बाजूला ओढलं. "आई, अगं ते असं कुठं म्हणाले?"

"यात्रा म्हनले का न्हाय?"

"म्हणाले."

"मंग!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे काही आजचं नाही. ती कायमच दोघांचं अर्धंच पलीकडं नेत होती. यातून नेहमी भलंच व्हायचं असंही नाही. एकदा काकांनी वरून आईला ओरडून सांगितलं होतं, मोटारीतून धूर निघतोय, आत्ताच्या आत्ता बंद करा. आईनं दादांना सांगितलं, भावजी म्हनत व्हते, मोटारीला जरासा वास यायलाय, सवडीनं बघा. दादांनी चहा घेतला, पान खाल्लं, आणि मग जळालेली मोटार बघायला गेले. पण एवढं असूनही दोघा भावांनी एकमेकांवर काठी उगारली नव्हती, ती तिच्यामुळंच.

ओसरीवर बसून मी लॅपटॉप उघडला. माझं गणित दर फेरीला नव्या उत्तरावर पूर्ण उडी मारत होतं. आता मी त्याला निम्मंच सरकायला सांगितलं. जुना अंदाज अर्धा, नवा अर्धा. हा उपाय पुस्तकात आहे, मी तो मुलांना शिकवलेलाही आहे, फक्त मला तो सुचला नव्हता. पाणी वर-खाली होणं हळूहळू कमी झालं. फार हळू. दोन फेऱ्यांच्या मधे मी शेंगा सोलल्या, भाकरी भाजल्या. जेवणं झाली आणि आकडे जुळले.

मी आईला म्हणाले, "तुझं नाव प्रबंधात घालायला पाहिजे."

"त्यापरीस ते यंतर उचल. तिथं मला शेंगा वाळू घालायच्यात."

उत्तर सरळ होतं. विहिरीतलं निम्म्याहून जास्त पाणी तळ्यातून येत होतं.

उन्हं उतरल्यावर मी ते चित्र घेऊन विहिरीवर गेले. आई लिंबं तोडत होती. दादांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, बराच वेळ बघितला.

"ह्यात बांध कुठाय?"

"काढला, दादा."

"काढला? कुणाला इचारून?"

आमच्याकडं बांध कुदळीनं इंचभर सरकवला तरी माणसं पोलिसात जातात. मी तर सबंध काढला होता. मी त्यांना दोन-दोन बिंदूंचं सगळं सांगितलं. माझीच चूक होती, आधीचं उत्तर खोटं होतं, काका खरं बोलत होते.  दादांनी एक खडा उचलला, विहिरीत टाकला आणि आवाज ऐकला.

"म्हंजी मी त्याचंच पानी प्यायलोय व्हय."

मी त्यांच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलून मिटला.

"फाट्यावर सगळ्यांला सांगून आलो मी." मग आईकडं न बघता म्हणाले, "जा. सांग त्याला. पानी तुझंच हाय म्हणावं. टाक तुझं प्लास्टिक आन घेऊन जा तुझं पानी. मला नगं."

आईनं ओच्यातली लिंबं सावरली आणि बांधाकडं निघाली. मी तिच्या मागं गेले नाही. दादांजवळ बसले. मीही एक खडा टाकला. ते म्हणाले, "मोठा घेतलास. आवाज कळत न्हाय त्यानं."

थोड्या वेळानं बांधावर आई दिसली आणि तिच्या मागं काका. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच खाली येत होते. कठड्याच्या पलीकडं उभे राहिले. टोपी काढून पुन्हा घातली.

"दादा."

"काय?"

"पानी माझं हाय म्हनलाव म्हणं."

दादांनी आईकडं बघितलं. ती वाकून पडलेली लिंबं वेचत होती.

"म्हनलो," दादा म्हणाले. म्हणाले होतेच ते, नाही कसं म्हणतील!

"जल्मात पयल्यांदा माझं खरं हाय म्हनलाव तुमी."

"कंप्युटर म्हनलं. मी न्हाय."

"त्ये बी चालतंय."

काका कठड्यावर टेकले. दोघंही आत बघत होते. पाणी चैत्राच्या मानानं चांगलं होतं.

"खालचा पाषाण कुणी फोडला व्हता?" काकांनी विचारलं.

"तूच. आन माझ्या पायावर पहार पाडलास."

"तुमी पाय काढंनात तर मी काय करू?"

दादा हसले. मग काका म्हणाले, "मी काय म्हंतो, प्लास्टिक टाकून पानी वर ठिवलं तर उन्हानं निम्मं उडून जातंय. इथं खाली सावलीत बरं ऱ्हातंय. इथूनच पाइप टाकतो, बांधावरून वर. मोटार एकच बास."

 दादांनी आधी लिंबांकडं बघितलं, मग मोटारीच्या खोलीकडं.

"टाक. पर मोटारीतून धूर आला तर सवता पळत ये. निरोप धाडू नगंस."

आई आणखी खाली वाकली.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "काकांना तू सगळं सांगितलंस?"

"सांगितलं की."

"घेऊन जा तुझं पाणी, मला नको, तेही?"

"लांब हाय ना गं त्येंचा गोठा," ती म्हणाली. "जाईस्तोवर मधलं तेवढंच ध्यानात ऱ्हायलं."

प्लास्टिकची गुंडाळी काकांच्या अंगणात तशीच पडून होती. पुढं अवकाळी गारा पडल्या तेव्हा ती कडब्याच्या गंजीवर घातली. गंजीला इतकं भारी पांघरूण तालुक्यात कुणाकडं नव्हतं. प्रबंध झाला तेव्हा दादांनी त्यातलं ते पान मागितलं. मी म्हणाले, रंगीत देते, पाण्याचं निळं चित्र. ते म्हणाले, "नगं, ते तिकुनी-तिकुनीचं दे. त्यात सगळं वावर दिसतंय."

दादांना जाऊन आता काही वर्षं झाली. आई माझ्याकडं धाराशिवला असते, आणि तिच्यामार्फत नवऱ्याला गेलेले माझे निरोप किती पोचतात याची मला खात्री नाही. विहीर काका बघतात. सकाळी चहाचा कप घेऊन ते बांध उतरतात, मोटार चालू करतात, पाण्याचा पाइप थरथरायला लागेपर्यंत कठड्यावर बसतात. खडा टाकत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "त्येन्ला तरी कुठं कळत व्हतं?"

मागच्या खेपेला मी गेले तेव्हा वायरमन स्टार्टर दुरुस्त करायला आला होता. त्यानं पान बघून विचारलं, हे काय.

"आमचं शेत," काका म्हणाले.

वायरमननं बोट फिरवलं. "मंग ह्यात बांध कुठाय?"

काकांनी माझ्याकडं बोट केलं. "हिनं काढला. कुणाला इचारलं बी न्हाय."